इंग्रजी 'रन': वाक्यातून नेमका अर्थ काढायची रीत

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १९८९ साली, सर्वांत जास्त अर्थांचा मान 'सेट' या क्रियापदाकडे होता: ४३० अर्थ. पुढे कोशाची नव्याने उजळणी सुरू झाली आणि 'रन' हे क्रियापद ६४५ अर्थांसह पुढे निघून गेलं. आकडा दचकवणारा आहे. पण ऑफिसची मेल, वर्तमानपत्र आणि परीक्षेतला उतारा एवढ्यापुरतं पाहिलं तर तीस-पस्तीस अर्थ नीट ओळखता आले की काम भागतं.

मराठी माणसाला तर या प्रकाराचं नवल वाटायलाच नको. आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, वाचता वाचता डोळा लागतो. भोरहून वरंधा घाटाने निघालो की कुणाला बस लागते आणि घाट उतरल्यावर महाड लागतं. यातला एकही अर्थ कुणी शाळेत पाठ केला नव्हता. काय लागलं आणि कुणाला लागलं हे कानावर पडलं की अर्थ आपोआप बसतो. 'रन'लाही तसेच चार प्रश्न विचारायचे असतात, फक्त सुरुवातीला ठरलेल्या क्रमाने आणि जाणूनबुजून.

पहिला प्रश्न: नाम आहे की क्रियापद?

'रन'च्या आधी 'अ', 'द', 'धिस' किंवा एखादा आकडा असेल तर ते नाम. इथे चूक झाली की पुढचं सगळं गडबडतं, म्हणून हे आधी.

नामाचा सर्वांत ओळखीचा अर्थ क्रिकेटमधला. डिसेंबर १९४८मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केले, ते सगळे 'रन्स'. मराठी क्रीडापत्रकारितेने यासाठी 'धाव' उचलली आणि तिच्यावर धावसंख्या, धावफलक, धावबाद असं अख्खं घर उभं केलं. विमानतळाचा 'रनवे'ही त्यामुळे 'धावपट्टी' झाला. अडचण अशी की या यशामुळे 'रन' म्हणजे 'धाव' हे समीकरण डोक्यात पक्कं बसतं आणि बाकीच्या नामांपाशी आपण अडखळतो.

'अ रन ऑफ डिफीट्स' म्हणजे ओळीने पराभव. 'अ रन ऑफ बॅड लक' म्हणजे साडेसातीच म्हणा. प्रकाशन व्यवसायात 'प्रिंट रन' म्हणजे एका वेळी किती प्रती छापल्या तो आकडा. 'आवृत्ती हजाराची आहे' असं आपल्याकडे म्हणतात तेच. नाटकाचा 'लाँग रन' मराठीत प्रयोगांच्या संख्येत मोजतात, त्यामुळे 'दीर्घ धाव' वगैरे न लिहिता 'नाटक बरीच वर्षं चाललं' किंवा 'भरपूर प्रयोग झाले' असं लिहा. 'ड्राय रन' म्हणजे रंगीत तालीम. कोविड लसीकरणाआधी २ जानेवारी २०२१ला देशभर अशी तालीम झाली, राज्यात निवडलेल्या जिल्ह्यांत पुणेही होतं, आणि तेव्हापासून हा शब्द मराठी बातम्यांत सर्रास दिसतो.

'अ रन ऑन अ बँक' इथे विशेष जपा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २००७मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या, तो 'रन'. मराठीत 'बँकेकडे धाव घेतली' असं लिहिलं तर कुणी कर्ज मागायला गेलं असंही वाटू शकतं. 'ठेवी काढून घ्यायला झुंबड उडाली' असं स्पष्ट लिहावं.

'ऑन द रन' म्हणजे फरार. 'इन द लाँग रन' म्हणजे पुढचा विचार करता. 'रन ऑफ द मिल' म्हणजे सर्वसाधारण, चारचौघांसारखं. ही घट्ट बसलेली जोडपी आहेत, त्यांची फोड करत बसू नये. आणि 'द रन्स' असं आजारपणाच्या संदर्भात आलं तर ते जुलाब. मित्राशी बोलताना चालतं, रजेच्या अर्जात लिहू नका.

दुसरा प्रश्न: 'काय' किंवा 'कुणाला' याचं उत्तर मिळतं का?

क्रियापद असेल तर लगेच कर्म शोधा. ही पायरी मराठी माणसाला फुकटात मिळालेली आहे, कारण आपल्याकडे 'चालणे' आणि 'चालवणे', 'पळणे' आणि 'पळवणे' अशा जोड्या आहेत. जुन्या इंग्रजीतही धावण्या-वाहण्याचं एक आणि दुसऱ्याला धावायला लावण्याचं दुसरं अशी दोन वेगळी क्रियापदं होती. काळाच्या ओघात ती एकमेकांत मिसळली आणि आजच्या 'रन'वर दोघांचाही भार आला. म्हणून इंग्रज जिथे एकच शब्द वापरतो तिथे आपण 'व' लावायचा की नाही हे कर्म पाहून ठरवतो.

'द बस रन्स एव्हरी हाफ अवर': कर्म नाही. दर अर्ध्या तासाला बस असते. 'शी रन्स अ मेस इन सदाशिव पेठ': कर्म आहे. ती सदाशिव पेठेत मेस चालवते. 'द प्रोग्रॅम इज रनिंग', प्रोग्रॅम चालू आहे. 'रन द प्रोग्रॅम', प्रोग्रॅम चालवा.

कर्म असूनही 'चालवणे' बसत नाही अशी थोडी वाक्यं आहेत आणि ती नेमकी रोजच्या वापरातली आहेत. 'रन अ टेम्परेचर' म्हणजे अंगात ताप असणं. 'रन अ रिस्क' म्हणजे धोका पत्करणं. 'रन एरंड्स' म्हणजे बाहेरची बारीकसारीक कामं उरकणं: वीजबिल, इस्त्रीचे कपडे, पार्सल. 'रन अ स्टोरी' म्हणजे वर्तमानपत्राने बातमी छापणं. 'रन अ बाथ' म्हणजे टबात पाणी सोडणं. 'रन अ मॅरेथॉन' म्हणजे मॅरेथॉनमध्ये धावणं. ती भरवणाऱ्यांसाठी 'ऑर्गनाइझ' वापरतात. 'आय विल रन यू टू द स्टेशन' म्हणणारा तुम्हाला पळवत नेणार नाही, गाडीवरून स्टेशनला सोडणार आहे.

'रन अ रेड लाइट' म्हणजे सिग्नल तोडणं, पण ही अमेरिकन बोली. ब्रिटिश माणूस 'जंप' म्हणेल आणि आपण भारतीय इंग्रजीत 'ब्रेक द सिग्नल' म्हणतो. पुण्यात तिन्ही समजतात. परदेशी वाचकासाठी लिहिताना मात्र 'ब्रेक' टाळा, त्याला सिग्नलचा खांब मोडल्यासारखं वाटेल.

तिसरा प्रश्न: धावतंय कोण?

कर्म नसेल तर कर्त्याकडे पाहा. माणूस किंवा प्राणी असेल तर बहुतेक वेळा खरोखरच पळणं आहे. गाडी, आगगाडी, मेट्रो असेल तर 'धावणे' मराठीतही चालतं: पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मेट्रो धावते, डेक्कन क्वीन १९३०पासून धावते आहे.

कर्ता द्रव असला की मराठीची श्रीमंती कामाला येते. नदी वाहते, नाक गळतं किंवा वाहतं, डोळ्यांतून पाणी येतं. कागद हलका असेल तर शाई फुटते. पहिल्या धुण्यात साडीचा रंग जातो. इंग्रजीत या सगळ्याला 'रन'. कपड्याच्या आतल्या पट्टीवर 'कलर्स मे रन' छापलेलं असतं ती सूचना रंग जाण्याची: वेगळं धुवा, गार पाण्यात धुवा, भिजत ठेवू नका. 'रंग पसरू शकतो' हे भाषांतर चुकीचं नाही, पण आपल्या घरात तसं कुणी बोलत नाही.

कर्ता रस्ता, भिंत, कालवा, तार असं काही लांबलचक असेल तर 'रन' म्हणजे जाणं किंवा पसरलेलं असणं. 'लक्ष्मी रोड रन्स ईस्ट फ्रॉम अलका चौक': लक्ष्मी रस्ता अलका चौकातून पूर्वेकडे जातो. इथे एक चूक हटकून होते. 'द रोड इज रनिंग' असं लिहिलं जातं. रस्ता जागचा हलत नाही, त्यामुळे या अर्थाने 'रन'ला 'इंग' लावत नाहीत. साधा वर्तमानकाळच हवा.

कर्ता मुदतीची गोष्ट असेल, म्हणजे करार, कोर्स, प्रदर्शन, योजना, तर अर्थ कालावधीचा. भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो: 'द ॲग्रीमेंट रन्स फॉर इलेव्हन मंथ्स'. 'इट हॅज फोर मंथ्स टू रन' म्हणजे संपायला चार महिने बाकी आहेत. चार महिने चालून झाले असा उलटा अर्थ घेणारे निघतात, आणि घर सोडायची नोटीस द्यायची असेल तर हा गोंधळ महागात पडतो.

'डायबेटिस रन्स इन द फॅमिली' यात गुण किंवा आजार कर्ता आहे. 'मधुमेह घराण्यातच आहे' हे सरळ मराठी झालं. 'कुटुंबात धावतो' असं कुणी लिहिणार नाही असं वाटतं, पण यंत्राकडून भाषांतर करून घेतलेली माहितीपत्रकं वाचा म्हणजे कळेल.

निवडणुकीचा उमेदवार असेल तर? अमेरिकन माणूस निवडणुकीला 'रन' करतो, ब्रिटिश माणूस 'स्टँड' करतो. आपण 'उभे राहतो', म्हणजे या बाबतीत लंडनच्या बाजूचे. 'शी इज रनिंग फॉर मेयर' याचं भाषांतर 'ती महापौरपदासाठी उभी आहे' असंच करायचं.

चौथा प्रश्न: मागे कोणता छोटा शब्द चिकटलाय?

खरी मारामारी इथे आहे. 'आउट', 'इनटू', 'ओव्हर', 'डाउन', 'बाय' असा शब्द मागे आला की वरचे तिन्ही प्रश्न बाजूला ठेवा आणि जोडीचा एकत्र अर्थ लावा. त्यातही दोन गोष्टी तपासायच्या: अर्थ कोणता, आणि कर्म जोडीच्या मध्ये बसतं की शेवटी. दुसरी गोष्ट गाइडांमध्ये सहसा नसते आणि बोलताना लोक तिथेच फसतात.

'रन आउट' म्हणजे संपणं. संपणारी वस्तू कर्ता असेल तर 'द मिल्क हॅज रन आउट'. माणूस कर्ता असेल तर 'ऑफ' जोडायलाच हवा: 'वी हॅव रन आउट ऑफ मिल्क'. 'वी आर रन आउट मिल्क' किंवा 'मिल्क रॅन आउट ऑफ' ही दोन्ही रूपं चूक. परवाना, पासपोर्ट, विमा यांची मुदतही 'रन आउट' होते. आणि क्रिकेटमध्ये 'ही वॉज रन आउट' म्हणजे धावबाद झाला. तिथे 'वॉज' असतो, त्यावरून ओळखा. दुधाच्या वाक्यात 'वॉज' येत नाही.

'रन इनटू'चे चार अर्थ आहेत आणि कोणता ते पुढच्या शब्दावर ठरतं. पुढे माणूस असेल तर अचानक भेट: तुळशीबागेत शाळेतल्या बाई भेटल्या, 'आय रॅन इनटू माय टीचर'. पुढे खांब किंवा भिंत असेल तर धडक. पुढे 'ट्रबल', 'प्रॉब्लेम्स' असेल तर अडचण येणं. पुढे रक्कम असेल तर तितक्यापर्यंत जाणं: 'द कॉस्ट रन्स इनटू लॅख्स', खर्च लाखांत जातो. कर्म कायम शेवटी. 'रॅन माय टीचर इनटू' कधीच होत नाही. पण गाडी चालवत असताना बाई भेटल्या असं सांगायचं असेल तर 'मेट' वापरा, नाहीतर ऐकणारा आधी त्यांची तब्येत विचारेल.

'रन ओव्हर' त्याच गल्लीतला, आणखी धोक्याचा. माणूस किंवा जनावर कर्म असेल तर अंगावरून गाडी जाणं. इथे कर्म मध्येही येतं: 'द ट्रक रॅन हिम ओव्हर'. मीटिंग कर्ता असेल तर ठरल्या वेळेपेक्षा लांबणं. भांडं असेल तर भरून वाहणं. आणि 'रन ओव्हर द पॉइंट्स' म्हणजे मुद्द्यांवरून एकदा नजर फिरवणं, तालमीआधी नट संवाद म्हणून घेतो तसं. 'रन थ्रू'चाही जवळपास हाच अर्थ.

'रन डाउन'चे अर्थ सगळे उताराकडचे. बॅटरी 'रन डाउन' होते, मराठीतही बॅटरी उतरते. माणसाला 'रन डाउन' वाटतं तेव्हा अंगात त्राण नसतं. 'रन समवन डाउन' म्हणजे एखाद्याला नावं ठेवणं, ज्यासाठी आमच्या पुण्याला वेगळ्या शिकवणीची गरज नाही. मध्ये जोडरेघ टाकून नामाआधी आलं की विशेषण: 'अ रन-डाउन वाडा', मोडकळीला आलेला वाडा.

'रन बाय' हा आयटीतल्या लोकांना दिवसातून चारदा ऐकू येणारा प्रकार. 'रन इट बाय द मॅनेजर' म्हणजे मॅनेजरच्या कानावर घाला, त्यांचं मत घ्या. परवानगी मागितली की नुसतं कळवलं? मधलं काहीतरी. आक्षेप असेल तर त्यांनी आता सांगावा, एवढी अपेक्षा त्यात असते. कर्म मध्येच हवं. 'रन बाय द मॅनेजर' एवढंच लिहिलं तर अर्थ बदलून 'मॅनेजर चालवतो ते' असा होतो: 'अ शॉप रन बाय टू सिस्टर्स', दोन बहिणी चालवत असलेलं दुकान.

'रन अप' म्हणजे बिल किंवा कर्ज चढवणं. 'रन-अप' नाम झालं की गोलंदाजाची धाव, आणि 'द रन-अप टू द इलेक्शन' म्हणजे निवडणुकीआधीचे दिवस. 'रन अवे' म्हणजे पळून जाणं. 'रन अक्रॉस' म्हणजे शोधत नसताना सापडणं, जुन्या पुस्तकांच्या ढिगात एखादी दुर्मीळ प्रत सापडते तसं. 'रन आफ्टर' म्हणजे पाठलाग करणं किंवा मागे लागणं. शेवटचा लक्षात ठेवा, कारण 'पैशामागे धावतो' हे आपण शब्दाला शब्द ठेवून 'रन्स बिहाइंड मनी' असं करतो. इंग्रजीत त्याचा अर्थ पैसे पुढे पळतायत आणि हा त्यांच्या मागून जॉगिंग करतोय असा होईल. 'रन्स आफ्टर' किंवा 'चेझेस' म्हणा.

छोट्या शब्दाच्या जागी विशेषण आलं तर 'रन' म्हणजे 'होणे' किंवा 'असणे'. विहीर 'रन ड्राय' होते म्हणजे आटते. आपण 'रनिंग लेट' असतो म्हणजे उशीर होतोय. साठा 'रनिंग लो' म्हणजे संपत आलाय. 'टेम्पर्स रॅन हाय' म्हणजे वातावरण तापलं; सोसायटीच्या वार्षिक सभेचा वृत्तांत इंग्रजीत लिहायचा असेल तर हे वाक्य हाताशी असू द्या.

मग अर्थाची परीक्षा

चार प्रश्नांतून अर्थ हाती आला की तो बरोबर आहे का हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे बदली. 'रन' काढून त्या जागी 'मॅनेज', 'ऑपरेट', 'फ्लो', 'लास्ट', 'एक्स्टेंड' यांपैकी एक शब्द ठेवा. 'द कोर्स रन्स फॉर सिक्स वीक्स' इथे 'लास्ट्स' अलगद बसतो, म्हणजे कालावधीचा अर्थ. 'द फेन्स रन्स अलाँग द कनाल' इथे 'एक्स्टेंड्स'. यातलं काहीच बसत नसेल तर तुमच्यासमोर घट्ट वाक्प्रचार आहे. आता कोश उघडा.

कोश कोणता, यालाही महत्त्व आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश ऐतिहासिक पद्धतीचा आहे, म्हणजे सर्वांत जुना अर्थ आधी. १८८४ ते १९२८ या काळात त्याची पहिली आवृत्ती भागाभागाने निघाली. पुण्यात डेक्कन कॉलेजात १९४८पासून चाललेला संस्कृत कोश याच तत्त्वावर आहे. शब्दाचा इतिहास हवा असेल तर असे कोश, पण उद्याच्या मेलसाठी ते उलटे पडतात: पहिला दिसलेला अर्थ कदाचित आता कुणी वापरतही नसेल. शिकणाऱ्यांसाठीचे कोश, जसे ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स, लाँगमन किंवा कॉलिन्स कोबिल्ड, रोजच्या वापरातले अर्थ पुढे घेतात. त्यातही १९८७ साली पहिल्यांदा निघालेल्या कोबिल्डची शिफारस करावीशी वाटते. तो व्याख्या पूर्ण वाक्यात देतो: तुम्ही अमुक गोष्ट 'रन' करता तेव्हा तुम्ही तमुक करता. कर्ता आणि कर्म व्याख्येतच सापडतात, आणि आपले दुसरा-तिसरा प्रश्न तेच तर होते. अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळाली तरी घ्या, 'रन'चे नेहमीचे अर्थ वीस वर्षांत फारसे बदललेले नाहीत. खिशात मावणारे इंग्रजी-मराठी कोश या कामाला घेऊ नका. 'धावणे, पळणे, वाहणे, चालणे, चालविणे' अशी आगगाडी दिलेली असते, उदाहरण एकही नाही, आणि कुठला डबा आपला हे कळत नाही.

मराठी प्रतिशब्दाबद्दल शंका असेल तर उलट्या बाजूने जा. मोल्सवर्थचा कोश मराठी-इंग्रजी आहे, पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली १८५७. 'गळणे', 'पाझरणे', 'वाहणे' हे तिन्ही त्यात काढून पाहिले की कोणतं क्रियापद कुठल्या द्रवाला शोभतं ते स्पष्ट होतं. त्याची इंग्रजी जुनी आहे, पण इथे आपण मराठी तपासतो आहोत.

चिठ्ठ्यांची पद्धत

वाचून समजणं वेगळं, बोलताना तोंडात येणं वेगळं. त्यासाठी चिठ्ठ्या. ए-फोर कागद तीनदा अर्ध्यात दुमडून फाडला की आठ सारख्या चिठ्ठ्या होतात, वहीपेक्षा या बऱ्या, कारण पुढे त्यांचे गठ्ठे करायचे आहेत.

एका चिठ्ठीवर एकच वाक्य. ते तुमच्या वाचनात किंवा ऐकण्यात आलेलं असावं, कोशातून उतरवलेलं नको. वाक्य पूर्ण लिहा, खाली ते कुठे भेटलं आणि तारीख. कर्ता, कर्म आणि मागचा छोटा शब्द अधोरेखित करा. मागच्या बाजूला मराठीत पूर्ण वाक्य; 'रन = चालवणे' असं सुटं समीकरण लिहिलंत तर चिठ्ठी वाया गेली. सर्वांत खाली बदलीच्या परीक्षेत बसलेला इंग्रजी शब्द. आठवड्याला पाच-सहा चिठ्ठ्या भरपूर झाल्या. एका बैठकीत तीस लिहिणाऱ्याला आठवड्याने पाचही आठवत नाहीत.

तीस-चाळीस जमल्या की त्या मराठी क्रियापदाप्रमाणे लावा. चालणे-चालवणेचा गठ्ठा सर्वांत जाड होईल, मग वाहणे-गळणे-जाणे, मग संपणे, मग असणे-होणे. कशातच न बसणाऱ्या पाच-सहा उरतील, त्या पाठ करायच्या. गठ्ठे करायची घाई मात्र नको. दहा चिठ्ठ्यांवरच कप्पे पाडले तर पुढची वाक्यं ओढूनताणून त्यात कोंबली जातात.

उलट सराव असा: मराठी बाजू वर ठेवून इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणा. इथे रूपांच्या चुका लगेच उघड्या पडतात. रूपं रन, रॅन, रन अशी आहेत. 'हॅव' किंवा 'हॅड'च्या मागे पुन्हा 'रन'च येतं. 'हॅड रॅन' ही चूक इंग्रजी माध्यमात शिकलेलेही करतात. 'रनिंग' लिहिताना 'एन' दोनदा.

जिथे 'रन' वापरायचंच नाही

'चालणे'चा गठ्ठा जाड असल्यामुळे उलटा मोह होतो: मराठीत 'चालणे' आलं की इंग्रजीत 'रन' ठोकायचं. 'त्याचं दुकान चालत नाही' याचा अर्थ गिऱ्हाईक नाही. 'हिज शॉप इज नॉट रनिंग' म्हटलं तर दुकान बंद पडलं असं समजतील. 'इज नॉट डुइंग वेल' म्हणा. 'चहा चालेल' यात 'रन'चा संबंध नाही. 'तो घर चालवतो' म्हणजे त्याच्या कमाईवर घर आहे, त्याला 'सपोर्ट्स द फॅमिली'. इंग्रजीतलं 'रन द हाउस' हे घर सांभाळणाऱ्या व्यक्तीचं काम आहे: सामान, स्वयंपाक, बाईंच्या सुट्ट्या. दोन्ही वाक्यांतली माणसं बऱ्याच घरांत वेगवेगळी असतात, म्हणून इथे घोळ घालू नये.

मराठीत मुरलेलं 'रनिंग' हेही असंच वेगळं प्रकरण. सुतार किंवा फरशीवाला 'रनिंग फुटाचा' भाव सांगतो तेव्हा तो फक्त लांबीचा असतो, रुंदी गृहीत धरलेली. ओट्याचा भाव घेताना रुंदी किती फूट धरली आहे आणि पुढची पट्टी त्यात आहे का, हे विचारून घ्या. परदेशातही 'रनिंग फूट' समजतो, फक्त 'लिनिअर फूट' जास्त चालतो. ठेकेदाराचं 'रनिंग बिल' म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेलं बिल, शेवटचं 'फायनल बिल' वेगळं. रेल्वेची 'रनिंग रूम' म्हणजे लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर (पूर्वीचे गार्ड) यांची विश्रांतीची जागा. नावात धावणं, आत झोप.

जुनी दुचाकी विकताना मात्र भाषा सांभाळा. 'गाडीचं रनिंग किती झालंय?' हे आपण मराठीत विचारतो, इंग्रजीत 'हाउ मच इज द रनिंग' असं कुणी विचारत नाही. 'हाउ मेनी किलोमीटर्स हॅज इट डन?' असं विचारतात, आणि त्या आकड्याला ब्रिटन-अमेरिकेत 'मायलेज' म्हणतात, जो शब्द आपण लिटरला किती किलोमीटर यासाठी वापरतो. जाहिरात परदेशी गिऱ्हाइकापर्यंत जाणार असेल तर दोन्ही आकडे एककांसह वेगवेगळ्या ओळींत लिहा. आणि गाडी चालू स्थितीत आहे हे सांगायला 'इन रनिंग ऑर्डर'.